मोटारीला श्वासाचे कुलूप

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात, भाच्याकडे महिनाभर राहिलो होतो. एका रविवारी तिथल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. भाच्याच्या कचेरीतले एक गृहस्थ आम्हांला न्यायला आले. माणूस आपल्या सोलापूरकडचा, चाळिशीच्या आतला, बोलायला गोड. मागे त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी बसली होती. मी पुढे बसलो, पट्टा बांधला आणि शिक्षकाच्या सवयीप्रमाणे बोलायला सुरुवात केली. तोच मागून मुलगी म्हणाली, "काका, आत्ता नका ना बोलू. बाबांना फुंकायचंय."

त्या गृहस्थांनी मुठीएवढे एक काळे यंत्र हातात घेतले. जुन्या टेलिफोनसारख्या वळ्यावळ्यांच्या वायरने ते गाडीला जोडलेले होते. त्याची नळी ओठांत धरून त्यांनी लांब फुंकर घातली. मला वाटले, बिचाऱ्यांना दमा असावा. यंत्राने बारीक शिटी दिली, हिरवा दिवा लागला, आणि मगच किल्ली फिरवून गाडी सुरू झाली. दहा मिनिटांनी भर रस्त्यात यंत्र पुन्हा ओरडले. त्यांनी पुन्हा फुंकले. मी काही विचारले नाही. पण माझा चेहरा त्यांनी वाचला असावा.

"काका, हा दमा नव्हे," ते म्हणाले. "ही माझी शिक्षा आहे."

हकीकत अशी. कचेरीतल्या एका मेजवानीत त्यांनी चार पेले घेतले होते. घर दोन गल्ल्यांवर राहिले असताना पोलिसांनी गाडी थांबवली आणि तपासणी केली. दर १०० मिलिलिटर रक्तामागे ११० मिलिग्रॅम मद्यार्क निघाला. तिथली मर्यादा ८० ची. कोणाला धक्का लागला नव्हता, गुन्हाही पहिलाच. कोर्टाने दंड केला, दारू आणि वाहन ह्या विषयाच्या तीन महिन्यांच्या वर्गाला बसवले, आणि सहा महिने हे यंत्र. यंत्र असलेल्या गाडीखेरीज दुसरी कोणतीही गाडी चालवायची नाही, असे बंधन त्यांच्या परवान्यावर आले.

वाचकहो, आज मला ह्या यंत्राविषयी तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत. मी शास्त्राचा माणूस नव्हे, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पण ते यंत्र पाहिल्यापासून त्याबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे. त्याला एक घरचे कारणही आहे. ते पुढे सांगतो.

इंग्रजीत ह्या यंत्राला इग्निशन इंटरलॉक म्हणतात. स्वीडनच्या लोकांनी त्याला नाव दिले आहे 'आल्कोलोस', म्हणजे सरळ 'मद्यार्काचे कुलूप'. मला हे नाव आवडले. कारण ते कुलूपच आहे, फक्त त्याची किल्ली म्हणजे दारूचा अंश नसलेला श्वास.

आता, पोटात गेलेली दारू श्वासात कशी उतरते? वासावरून ओळखतात तसे हे नाही. दारू जठरातून आणि आतड्यांतून रक्तात जाते. ते रक्त फुप्फुसांत येते. तिथे रक्त आणि हवा ह्यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा असतो, आणि रक्तात जितका मद्यार्क असेल त्या प्रमाणात थोडा हवेत उतरतो. सुमारे २,१०० मिलिलिटर श्वासात जेवढा मद्यार्क, तेवढा १ मिलिलिटर रक्तात, असा हिशेब ठरलेला आहे. म्हणूनच लांब फुंकर घालावी लागते. तोंडातली वरवरची हवा उपयोगाची नाही, फुप्फुसाच्या तळची हवा यावी लागते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम केलेले रॉबर्ट बोर्कनस्टाइन ह्यांनी १९५४ साली श्वासावरून मद्यार्क मोजणारे सुटसुटीत यंत्र बनवले आणि रस्त्यावरच्या पोलिसाच्या हातात एक माप आले. तोपर्यंत पुष्कळदा 'हा झोकांड्या खात होता' एवढीच साक्ष असे.

आजच्या कुलपात प्लॅटिनमचा मुलामा दिलेली एक चकती असते. श्वासातला मद्यार्क तिच्यावर आला की रासायनिक क्रिया होऊन बारीकशी वीज निर्माण होते. मद्यार्क जास्त तर वीज जास्त. ती वीज मोजायची आणि ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहायची. आकडा ओलांडला, तर आपले ड्रायव्हर लोक ज्याला 'सेल्फ' म्हणतात त्या स्टार्टरकडे जाणारी वीज यंत्र सोडत नाही. किल्ली फिरवा, नाहीतर आदळा, गाडी हूं की चूं करत नाही. अमेरिकेत हा आकडा बहुतेक ठिकाणी २० ते २५ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवलेला असतो. म्हणजे इतरांना ८० पर्यंत सवलत, पण एकदा पकडलेल्याला जवळजवळ शून्य.

इथे पुष्कळांना एक शंका येते आणि ती रास्त आहे. गाडी चालू असताना पुन्हा फुंकायला सांगितले आणि त्यात दारू निघाली, तर भर रस्त्यात इंजिन बंद पडून अपघात नाही का होणार? नाही. कुलूप फक्त सुरू होण्यावर आहे, चालण्यावर नाही. चालत्या गाडीत माणूस नापास झाला किंवा फुंकायचे त्याने टाळले, तर यंत्र ती नोंद करते, आणि पुष्कळ ठिकाणी गाडीचा भोंगा वाजू लागतो, दिवे उघडमीट करू लागतात. गाडी कडेला घेऊन बंद करीपर्यंत ते थांबत नाही. सगळा रस्ता आपल्याकडे बघतो आहे, हे काही लहान शासन नव्हे.

पण चालत्या गाडीत फुंकायला लावायचेच कशाला? त्याचे कारण मनुष्यस्वभावात आहे. सुरुवातीला न प्यायलेला मित्र फुंकून देईल आणि उतरून जाईल. किंवा गाडी गुत्त्यासमोर चालू ठेवून माणूस आत जाऊन येईल. किंवा शेवटचा पेला नुकताच पोटात गेलेला असेल आणि अजून रक्तात उतरायचा असेल. म्हणून पहिली फेरतपासणी काही मिनिटांतच, आणि पुढच्या मधूनमधून, केव्हा ते सांगून नाही. लोकांनी युक्त्याही कमी केल्या नाहीत. कोणी फुग्यात हवा भरून आणली, कोणी पंपाने हवा मारली. म्हणून यंत्रे श्वासाची ऊब आणि दाब पाहू लागली. काहींत फुंकताना 'हं...' असा आवाज करावा लागतो, जो पंपाला येत नाही. पुढे कॅमेराही आला, फुंकणाऱ्याचा फोटो निघतो. महिन्या-दोन महिन्यांनी गाडी ठरलेल्या केंद्रात न्यायची, तिथे यंत्राचे माप बरोबर आहे ना ते पाहतात आणि आतली सगळी नोंद काढून वरच्या अधिकाऱ्यांकडे पाठवतात. तारीख चुकवली तर यंत्र गाडीच अडकवून ठेवते.

ह्या नोंदींमधून एक गोष्ट फार ठळकपणे दिसते, आणि खेड्यातल्या वाचकांनी तिच्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. पुष्कळ माणसे नापास होतात ती रात्री नव्हे, तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री झोप झाली, तोंड धुतले, चहा झाला, माणूस म्हणतो उतरली. पण यकृत आपल्या चालीनेच काम करते. तासाला साधारण १५ मिलिग्रॅम, त्याहून वेगाने नाही. रात्री १२ वाजता रक्तात १५० मिलिग्रॅम असेल, तर सकाळी ६ वाजता ६० उरतात. आपल्या देशाच्या कायद्याची मर्यादा आहे ३०. म्हणजे पहाटे भाजीचा टेम्पो घेऊन बाजाराला निघालेला माणूस मर्यादेच्या दुप्पट दारू अंगात घेऊन निघालेला असतो, आणि आपण शुद्धीत आहोत असे त्याला मनापासून वाटत असते. लिंबू, ताक, थंड पाण्याची आंघोळ, ह्यांनी डोळे उघडतात. मद्यार्क कमी होत नाही.

बरे, एवढा खटाटोप कशासाठी? परवानाच काढून घ्यावा की! पूर्वी सगळीकडे तेच करीत, अजूनही करतात. इथेच माझे घरचे कारण सांगतो.

आमच्या गावच्या शाळेतले एक गुरुजी, माझे बालमित्र, काही वर्षांपूर्वी सायकलवरून बाजाराला निघाले होते. वडापच्या एका जीपने त्यांना मागून उडवले. चालक प्यायलेला होता. जीव वाचला, पण उजव्या पायात लोखंड घालावे लागले आणि आज ते काठी टेकीत वर्गात उभे राहतात. खटला झाला, दंड झाला, परवाना सहा महिने काढून घेतला. चौथ्या आठवड्यात मी एस. टी. स्टँडवर उभा होतो, तर तीच जीप समोर, आणि चाकावर तोच चालक. मी संतापून विचारले, "अरे, तुझा परवाना ना जप्त झालाय?" तो म्हणाला, "सर, कागद जप्त झालाय. जीप कुठं झालीय? पोरं काय खातील?"

त्याचे उत्तर मला त्या वेळी निर्लज्जपणाचे वाटले. पुढे अमेरिकेतले अनुभव वाचले तेव्हा कळले की त्याने सगळा प्रश्न तीन वाक्यांत मांडला होता. परवाना म्हणजे कागद. कागद काढून घेतल्याने गाडी अडत नाही, आणि पोट तर अडतेच. अमेरिकेत परवाना निलंबित झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक तरीही गाडी चालवतात, असे तिथल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. तिथे बहुतेक गावांत एस. टी. नाही, रिक्षा नाही. गाडीशिवाय नोकरीवर जाता येत नाही, दूध आणता येत नाही. मग माणूस चोरून चालवतो, आणि चोरून चालवणारा विमाही उतरवीत नाही.

तेव्हा तिथल्या कायदे करणाऱ्यांनी विचार उलटा केला. चालवणे बंद करता येत नसेल, तर पिऊन चालवणे तेवढे बंद करावे. कॅलिफोर्नियाने १९८६ साली कायदा करून काही जिल्ह्यांत हा प्रयोग सुरू केला. न्यू मेक्सिको हे त्या मानाने गरीब राज्य, दारूच्या अपघातांनी गांजलेले. त्याने २००५ साली पहिल्याच गुन्ह्याला हे कुलूप सक्तीचे केले, आणि असे करणारे ते पहिले राज्य. आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत ह्या कुलपाचा कोणता ना कोणता कायदा आहे. कॅलिफोर्नियात २०१९ पासून लागू झालेल्या कायद्याने पहिल्यांदा पकडलेल्याला, कोणाला इजा झालेली नसल्यास, दोन वाटा दिल्या. एक, सहा महिने कुलूप लावून घ्या आणि हवे तिथे जा. दुसरी, कुलूप नको असेल तर वर्षभराचा मर्यादित परवाना घ्या, त्यावर फक्त कामाला आणि त्या सक्तीच्या वर्गाला जाता येईल. गुन्हा पुन्हा केला तर कुलूप एक वर्ष, तिसऱ्यांदा दोन वर्षे, त्यापुढे तीन वर्षे. आमच्या सोलापूरकर गृहस्थांनी पहिली वाट धरली. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "मुलीला शाळेत कोण सोडणार? तिची आई रुग्णालयात रात्रपाळी करते."

आणि गुण येतो काय? येतो. निरनिराळ्या पंधरा अभ्यासांचा एकत्र विचार करून २०११ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी निष्कर्ष काढला की कुलूप गाडीत असेपर्यंत त्या माणसाला पुन्हा त्याच गुन्ह्याबद्दल पकडले जाण्याचे प्रमाण सुमारे ६७ टक्क्यांनी घटते. शिक्षेच्या इतिहासात एवढी परिणामकारक शिक्षा क्वचितच सापडेल. पण त्याच अभ्यासात पुढचे वाक्य आहे, आणि ते कुलपाच्या जाहिरातीत नसते. कुलूप काढले की फरक नाहीसा होतो. ती माणसे पुन्हा इतर गुन्हेगारांइतकीच पकडली जातात.

ह्यात आश्चर्य वाटण्याजोगे काय आहे? कुलपाने गाडी आणि दारू ह्यांची फारकत केली, माणूस आणि दारू ह्यांची नाही. स्वीडनने हे आधीच ओळखले होते असे दिसते. तिथे १९९९ साली प्रयोग सुरू झाला तेव्हा दोन वर्षांच्या कुलपाबरोबर डॉक्टरकडच्या नियमित खेपाही सक्तीच्या केल्या. रक्त तपासायचे, यकृतावर दारूचा किती परिणाम आहे ते पाहायचे, डॉक्टरशी बोलायचे. ज्यांनी तो सगळा काळ नेटाने पार पाडला त्यांचे पिणेही उतरले, आणि पुढेही ते कमी वेळा सापडले. अर्थात शेवटपर्यंत टिकले ते मुळात अधिक निग्रही असतील, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. २०१२ पासून स्वीडनभर परवाना गमावण्याऐवजी एक किंवा दोन वर्षे कुलूप लावून घेण्याची सोय झाली आहे. पिण्याचे प्रमाण फार असेल किंवा व्यसन जडलेले असेल, तर दोन वर्षे.

अर्थशास्त्राच्या माणसाने पैशाविषयी बोलले नाही तर शोभणार नाही. अमेरिकेत कुलपाचा खर्च गुन्हेगाराने करायचा असतो, महिन्याला साधारण ७० ते १०० डॉलर. कचेरीतल्या माणसाला तो झेपतो. हॉटेलात भांडी घासणाऱ्याला नाही. मग तो 'माझी गाडीच नाही' असे सांगून मोकळा होतो आणि भावाची गाडी चालवतो. कुलपाचा हुकूम झालेल्यांपैकी पुष्कळ जण ते बसवीतच नाहीत, हे ह्या योजनेचे सर्वांत मोठे भगदाड आहे. न्यू मेक्सिकोने गरिबांसाठी सरकारी निधी काढला, तो शहाणपणा मला पटतो. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला उडवणारी गाडी श्रीमंताची की गरिबाची ह्याने काय फरक पडतो? कुलूप दोघांनाही परवडले पाहिजे.

आपल्या देशात काय? मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. शिवाय कोर्टात गुन्हा शाबीत झाला तर किमान सहा महिने परवान्याला अपात्र ठरवायचे असते. म्हणजे मर्यादेच्या बाबतीत आपला कायदा अमेरिकेहून कडक, आणि साधनाच्या बाबतीत मात्र अजून कागदावरच अवलंबून. कुलपाची अट त्या कलमात नाही.

ते उद्या आणावे, असे म्हणणे सोपे आहे. अडचण अशी की आपल्या देशातल्या नोंदलेल्या वाहनांपैकी चारांतली तीन दुचाकी आहेत. मोटारसायकलला कुलूप लावायचे तर ते पावसात भिजणार, धुळीत बुजणार, आणि चालत्या दुचाकीवर फुंकायचे कसे? अमेरिकेतही हा प्रश्न नीटसा सुटलेला नाही. तेव्हा सरसकट सगळ्यांना कुलूप हे आपल्याकडे जमणारे नाही. पण माणसे वाहून नेणाऱ्या गाड्यांचे तसे नाही. फिनलंडमध्ये २०११ पासून नगरपालिकांनी ठरवलेल्या शाळेच्या गाड्यांना हे कुलूप सक्तीचे आहे, मग चालकाने आयुष्यात कधी दारूला स्पर्श केलेला नसला तरी. फ्रान्समध्ये मुलांना नेणाऱ्या नव्या बसगाड्यांना ते २०१० साली आले आणि २०१५ पासून प्रवासी बसगाड्यांना सरसकट लागू झाले. युरोपीय संघात तर जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत हे कुलूप सहज जोडता येईल अशी सोय कारखान्यातूनच द्यावी लागते. तिथे ते शिक्षा म्हणून नाही. विहिरीला कठडा बांधतो तसे आहे.

शिक्षक वाचकांना इथे एक सांगावेसे वाटते. तुमच्या शाळेत मुलांना आणणारी जीप किंवा व्हॅन असेल, तर कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. पोलिसांकडे असते तसे श्वास तपासायचे हातातले यंत्र बाजारात मिळते. शाळा समिती आणि पालक मिळून एक घेऊ शकतात. मात्र ते सकाळी, गाडी निघण्यापूर्वी वापरावे, कारण आधीच्या रात्रीचे उरलेले सकाळीच सापडते. तपासणीआधी चालकाला चूळ भरायला सांगून पंधरा मिनिटे थांबावे. खोकल्याच्या औषधात किंवा तोंड धुण्याच्या द्रवात मद्यार्क असू शकतो, तो तोंडात राहून आकडा उगाच फुगवतो आणि निष्पाप माणसावर आळ येतो. आकडा वहीत लिहावा, तारीख घालावी, चालकाची सही घ्यावी. यंत्र बनवणारा सांगेल त्या मुदतीत त्याचे माप तपासून घ्यावे. आणि एखाद्या सकाळी आकडा आला, तर त्या दिवशी गाडी दुसऱ्याने न्यावी, पण त्या चालकाचा पहिल्याच खेपेस चारचौघांत पाणउतारा करू नये. त्याला बाजूला घेऊन बोलावे, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे न्यावे.

आमच्या गुरुजींनी मागच्या जूनपासून त्यांच्या शाळेत असे सुरू केले आहे. रोज सकाळी पावणेसातला ते काठी टेकीत फाटकाशी येतात. आधी स्वतः फुंकतात, मग यंत्र चालकाकडे देतात.